एका हाताच्या बांगड्या

चांगदेव कुलथे सचिवालयातून पनवेलला आले, ते एक प्रस्ताव निकालात काढायला. घरातून पळालेल्या मुलांचा शोध घेण्यासाठी राज्याचं एक स्वतंत्र कार्यालय असावं, असा अर्ज फजल तुंगेकर नावाच्या खाजगी गुप्तहेराने सरकारकडे केला होता. पोलीस असताना आणखी एक कार्यालय कशाला, असं उपसचिवांचं मत होतं. कुलथ्यांनी माणसाला भेटून नकाराचा शेरा लिहायचा होता. नकाराचे शेरे लिहिण्यात त्यांचा हातखंडा होता.

तुंगेकर मूळचे उरणचे. वकिली सोडून ते या उद्योगात शिरले, तरी तिकडची माणसं त्यांना अजून वकीलसाबच म्हणत. पाहुण्यासाठी चहा आला, तेवढ्यात दारात एक कोळीण येऊन उभी राहिली. डाव्या हातात हिरव्या बांगड्या, उजवा हात रिकामा. उजव्या हाताने मासे कापायचे तर बांगड्या टिकणार कशा, असं कुलथ्यांनी मनाशी म्हटलं आणि चहाकडे लक्ष वळवलं.

ती उरणजवळच्या मोरा बंदरातली बायजा. तिची बारा वर्षांची चंदा शिमगा झाल्यावर पळाली होती. आई ओरडली म्हणून रुसून धक्क्यावर गेली आणि लाँचमध्ये बसून मुंबईला गेली, असं बायजा म्हणाली. उरणच्या पोलिसांनी लगेच मुंबईला कळवलं होतं. भाऊच्या धक्क्यापासून शोध झाला, पण पोर मिळाली नव्हती.

"लाँचमध्ये बसताना तिला कोणी पाहिलं?" तुंगेकरांनी विचारलं.

"तिच्या बापानं," बायजा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली.

तुंगेकरांनी टोपी उचलली. "चला कुलथेसाहेब. माझा अर्ज कागदावर वाचलात, आता पायांनी वाचा."

कुलथ्यांना ही भाषा आवडली नाही, पण शेऱ्यात चौकशी केल्याचा उल्लेख बरा दिसला असता. ते निघाले.

मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचची तिकिटं फाडणारा रशीद भेटला. चंदा लाँचवर चढलीच नाही, असं त्याने ठासून सांगितलं. "मोऱ्याचं पोर न पोर मी वलखतो, वकीलसाब. एकटी दिसली असती तर कान धरून घरी नेली असती."

रशीद फारच ठामपणे बोलतो, म्हणजे तो काहीतरी लपवतो आहे, असा कुलथ्यांनी निष्कर्ष काढला. तुंगेकरांच्या कानात त्यांनी तो सांगितलाही. तुंगेकर नुसते हसले.

कोळीवाड्यात बायजाची शेजारीण गंगू ओट्यावर सुकट निवडत बसली होती. तिचाही उजवा हात मोकळाच. बाजूला तिची धाकटी पोर सागरगोटे खेळत होती आणि प्रत्येक डावाला तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या वाजत होत्या. पोर गेल्यापासून बायजाचं चित्त ठिकाणावर नाही, असं गंगू सांगत होती.

"सारखी पाटी घेऊन खाडीपल्याड जाते, दिवाल्याला."

"दिवाळ्याला? कशाला?"

"म्हावरा इकायला. दिवाल्याच्या कोलीवाड्यात."

कुलथ्यांना गहिवरून आलं. एवढ्या दुःखातही बिचारीला पोटासाठी वणवण करावी लागते.

बायजाचा नवरा धर्मा घरामागे जाळं विणत बसला होता. चंदाला लाँचमध्ये चढताना आपण लांबून पाहिलं, मुंबईत शोधा, एवढंच तो पुन्हापुन्हा म्हणाला. बोलताना त्याने जाळ्यावरची नजर काढली नाही.

शेवटी तुंगेकर उरणच्या बाजारात गणू कासाराकडे गेले. गणू घाटावरून नुकताच आलेला, गप्पिष्ट माणूस. होळीच्या आधी बायजाने चंदाला बांगड्या भरल्या होत्या का, या प्रश्नावर तो खुलला. "भरल्या की. पण एकाच हाताच्या. म्हटलं, पोरीचा दुसरा हात उपाशी का ठेवता? तर बाई अशी डाफरली की विचारू नका. पोर मुसमुसत होती."

चिकटपणाही किती असावा, असं कुलथे म्हणाले. तुंगेकरांचा चेहरा मात्र उतरला. ते मोऱ्याकडे परत वळले.

बायजाच्या ओट्यावर त्यांनी धर्माला, रशीदला आणि गंगूला बोलावून घेतलं. रशीदला पाहून कुलथे सावरून बसले. त्यांच्या मते आता चोर पकडला जाणार होता.

"रशीद खरं बोलला," तुंगेकर म्हणाले. "चंदा लाँचवर चढली नाही. चढेल कशी? ती मोऱ्यातून पळालीच नाही."

धर्मा जाळं सोबत घेऊन बसला होता. त्याचे हात थांबले.

"कुलथेसाहेब, या बायकांचा उजवा हात बघा. इथल्या कोळणीच्या लग्नात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला देतात. माझ्या नवऱ्याला सांभाळ, असं सांगतात त्याला. मग जन्मभर तो हात मोकळा. गंगूची पोर कुवार, तिचे दोन्ही हात भरलेले. मग चंदाला एकाच हाताच्या बांगड्या का? गणू नवखा, त्याला कळलं नाही. चंदाचं लग्न झालं होतं."

गंगूने तोंडावर हात ठेवला.

"आणि गंगू, दिवाळ्याच्या कोळीवाड्यात मासे विकायला कोण जातं गं? तिथे घरोघर मासे. बायजा पाटी घेऊन जात होती ती सासरच्या दारापुढून फिरायला, लेक परत आली का ते बघायला. मुंबईला पळालेल्या मुलीला कोणी दिवाळ्यात शोधत नाही."

धर्माने जाळं खाली ठेवलं. "दिवाल्याच्या दोस्ताला शबुद दिलता, पोर तुज्या घरी देईन. दुसऱ्या गावात गुपचूप लगीन लावला. शिमगा झाल्यावर सासरी पोचवली, पोर तितून पलाली. सांगितला असता तर आमाला न सासरच्यांना, दोघांना कायदा लागला असता."

"त्या भीतीने मुंबई दाखवलीत. पोलिसांनी तुम्ही सांगितलं तिथे शोधलं. त्यांचं काय चुकलं?"

बायजा कपाळ बडवून घेऊ लागली. तुंगेकरांनी तिचा हात धरला. "बायजाबाय, रडायला वेळ नाही. ती माहेरी येईना, कारण तुम्ही तिला परत पोचवली असती. दिवाळं ठाणे जिल्ह्यात. तिथून दुसरा रस्ता ठाण्याला जातो."

कुलथे उठले. उरणच्या पोस्टात जाऊन त्यांनी सचिवालयाचं नाव सांगून ठाण्याला ट्रंककॉल लावला. दोन बालगृहांनी नाही म्हटलं. तिसऱ्याने सांगितलं, अशी एक मुलगी आहे, फक्त डाव्या हातात बांगड्या, नाव चंदा, गावाचं नाव घेत नाही. ठाणे जिल्ह्यातल्या गावोगाव विचारलं, कोणीच पुढे आलं नाही.

"शेजारी कुलाबा जिल्ह्यात, उरण-पनवेलकडे, नाही विचारलंत?"

"आम्ही ठाण्याचे, साहेब. तिकडे कोणाला विचारणार?"

कुलथ्यांनी रिसीव्हर ठेवला. एका जिल्ह्यात मुलगी शोधत होते, दुसऱ्यात मुलीचं घर शोधत होते, आणि दोघांच्या मध्ये विचारणारं कोणी नव्हतं. आपण कोणता शेरा लिहायला आलो होतो, ते आठवून त्यांना स्वतःची शरम वाटली.

सकाळी सगळे ठाण्याला पोचले. आईबाप दिसताच चंदा भिंतीला चिकटली. "मना दिवाल्याला न्यायला आलाव?"

वाटेत गणूकडून घेतलेल्या बांगड्या बायजाने कनवटीतून काढल्या, खाली बसली आणि लेकीचा उजवा हात ओढून घेतला.

"काय करतंस?" धर्मा घाबरून म्हणाला. "दर्याला दिलेला परत घेतंस?"

"दर्याला मी समजवीन," बायजा म्हणाली. "तू तुज्या दोस्ताला समजव."

तिने एकेक बांगडी भरली. धर्मा खाली मान घालून उभा राहिला. मग तुंगेकरांकडे वळून कायद्याला काय सांगायचं ते त्याने विचारलं. खरं सांगायचं, मी सोबत येतो, असं तुंगेकर म्हणाले.

बाहेरच्या बाकावर कुलथे शेरा लिहीत होते. कार्यालय हवं, ते कुठल्याही एका जिल्ह्याचं नसावं, आणि आईबापांच्या आधी मुलाला विचारावं की तू कशापासून पळालास.

"उपसचिवांना आवडायचं नाही हे," तुंगेकर वाचून म्हणाले.

"नाही आवडणार. मग मी पुन्हा लिहीन."

कुलथ्यांनी खाली सही केली. आत चंदा आईच्या गळ्यात पडली होती, आणि तिच्या दोन्ही हातांतल्या बांगड्या बाहेरपर्यंत ऐकू येत होत्या.