आधी दुरुस्ती, मग उत्तर

अर्जदाराचे नाव

"एका अक्षरानं काय हुतंय, मॅडम? माजी आई हाय ती. हाक मारली का येती."

शिवांजलीनं मान वर केली नाही. भूमजवळच्या वाशीच्या सेवा केंद्रात बाजारच्या दिवशी मान वर करायला सवड कुठली? "सरकारनं हाक मारली तर येत नाहीत ना. आधारवर सिताबाई, रेशनकार्डावर शिताबाई. म्हणजे बायका दोन झाल्या."

"मग दोघींचं राशन द्या की."

आता मात्र मान वर झाली. खांद्यावर घोंगडी, केसांत वाळकं गवत... आणि हसताना त्याचा एक डोळा आधी हसायचा, दुसरा मागून, कळपात मागं राहिलेल्या मेंढरासारखा.

"नाव?"

"बिराप्पा."

"तुमचं नाही. आईचं."

"आधीच सांगायचं की! म्या उगंच लाजलो."

मोबाईल क्रमांक

कार्ड कधी येईल ते विचारायला त्यानं नंबर घेतला. कार्ड पंधरा दिवसांत आलं. विचारणं काही थांबलं नाही.

*काड आलं. आई खूस हाय. वीचारती पोरगी कूनाची*

सवयीनंच तिनं ते नीट करून परत पाठवलं.

*कार्ड आलं. आई खूश आहे. विचारते, पोरगी कुणाची.*

*आवो हे म्याच सांगीतलं तूमाला. तूमी परत मलाच का सांगताव*

समोर रांग असताना शिवांजली हसली. केंद्र चालवणारे महारुद्रदादा चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय गं, सर्व्हर चालू झाला वाटतं?"

अर्जाचा तपशील

(जागा कमी पडल्यास वेगळा कागद जोडावा.)

बिराप्पाची मेंढरं भूमच्या माळावरून निघायची आणि वर्षातले आठ महिने दुसऱ्यांच्या रानात बसायची. सातवीत शाळा सुटली ती त्यामुळंच. तो मेसेज बोलून पाठवायला तयार होता, पण शिवांजलीचं घर दोन खोल्यांचं आणि कान दहा. "बोलायचं नाही. लिहायचं." मग तो लिहायचा. चार ओळींना तास लागायचा.

*समजलं न्हवं? मग झालं की*, तो चिडवायचा.

*समजणं वेगळं, बरोबर असणं वेगळं.* ती उगाच म्हणत नव्हती. एका वेलांटीपायी गजराबाईची फाईल सात महिने पडून राहिलेली तिनं पाहिली होती. म्हातारी दर सोमवारी येऊन विचारायची, मी मीच हाय हे कुनाला सांगू? अक्षर चुकलं की माणूस दारातून परत जातो, हे शिवांजली रोज बघत होती.

*आमच्या मेंढक्यांच्या गुरुपवर माणीकप्पा लीवतो पानी हाय. मेंढरं जात्यात. पीत्यात. पान्याला व्याकरन लागत न्हाय*

*पाण्याला नाही लागत. मला लागतं.*

मग...

*आज दूकानाच्या पाटीवरनं किराना शीकलो. पैली वेलांटी. बग, तूज्यासाटी पाट्या वाचीत चाललोय*

'तुमी'चं 'तू' झालेलं दोघांनीही पाहिलं.

आणि एका थंडीतल्या सकाळी —

*पील्लू झालं. काळं. तूज्या टीकलीवानी*

*पिल्लू झालं. काळं. तुझ्या टिकलीसारखं*, तिनं परत पाठवलं. आणि दुसऱ्या दिवशी काळी टिकली लावून केंद्रात गेली. बघायला कुणी नव्हतं. तरी दिवसभर कपाळ जड, गोड, जपण्यासारखं वाटत राहिलं.

अर्ज करण्याची अंतिम तारीख

बुधवार. त्या दिवशी बिराप्पाचा बाप, रेवणप्पा, तामलवाडीला पोरगी बघायला जाणार होता. *त्याच्या आदी तू काय ते सांग*, बिराप्पानं लिहिलं होतं. *म्या पन नीट ईचारीन. मंगळवारी. दमानं लीवून*

मंगळवारी दुपारी मेसेज आला.

शिवांजलीनं तो तीनदा वाचला. कानाच्या पाळ्या तापल्या. समोर रांग, मागं प्रिंटरची खडखड, आणि भिंतीवर महारुद्रदादांनी चिकटवलेला कागद — आधी दुरुस्ती, मगच सबमिट. तीन वर्षं ती हेच करत आली होती. चुका काढल्याशिवाय एकही अर्ज तिच्या हातून पुढं गेलेला नव्हता.

हात आपला आपण चालला. मेसेज उचलला, अकरा चुका काढल्या, परत पाठवला. उत्तर घरी जाऊन द्यावं, सावकाश, चांगल्या शब्दांत. अशा गोष्टीला 'हो' काय गर्दीत म्हणतात?

दोन टिका निळ्या झाल्या.

बिराप्पा लिहितोय...

थांबला.

लिहितोय...

थांबला.

"ताई, माझं उत्पन्नाचं झालं का?" रांगेतल्या कुणीतरी विचारलं, आणि तिनं फोन उलटा ठेवला.

संध्याकाळी घरी येऊन उघडला तर त्यानं त्याचा मेसेज काढून टाकलेला. खाली उरलेला तिचा, दुरुस्त केलेला. तिनं घाईघाईनं लिहिलं, *हो. हो. हो.*

एक टिक.

बुधवारी एक टिक. गुरुवारी एक. पुढं तिनं वार मोजले नाहीत.

अर्जाची स्थिती

बाराव्या दिवशी केंद्रासमोरच्या रस्त्यानं मेंढरं निघाली. आधी धूळ आली, मग घुंगरांचा आवाज, मग लोकरीचा वास. शिवांजली अर्धा भरलेला अर्ज तसाच टाकून बाहेर पळाली.

"बिराप्पा!"

तो थांबला. कळप थांबला नाही. दोघांच्या दोन्ही बाजूंनी वाहत राहिला.

"नमस्कार, मॅडम."

"मॅडम?" तिनं हसायचा प्रयत्न केला. "मी हो लिहिलं होतं रे."

"कवा?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी."

"आन् दुपारी?"

तिची नजर मेंढरांकडं वळली.

"दुपारी म्या बाभळीखाली बसून लिवलं. सकाळपासनं. तीन बारी पुसलं." त्याचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "तुजा मेसेज आला. वाटलं, उत्तर हाय. वाचाया लागलो तर वळकीचं वाटाया लागलं. मग कळलं, माजंच हाय. धुऊन परत धाडलंय."

"सवय आहे रे मला... रोजचं काम —"

"ठाव हाय की. म्हून तर भ्यालो. आज मेसेज. उद्या आई बोलंल, बा जेवंल, म्या चार लोकांत बसंन... तू वाईट न्हाईस, शिवांजली. तुजा हातच तसा हाय."

"आता नाही करणार. शपथ."

"आता?" त्यानं काठीनं एक मेंढरू उगाच पुढं ढकललं. "बुधवारी सुपारी फुटली. म्याच व्हय म्हनलो बाला. मोबाईल बी त्याच्यापाशी हाय."

मागून टेंपोवाला ओरडला, "ए मेंढक्या, रस्ता काय बापाचा हाय का?"

"तिला..." शिवांजलीनं विचारलं. "तिला लिहितोस?"

"न्हाय. तिनं माजं अक्षर अजून बगितलंच न्हाय." त्यानं घोंगडी खांद्यावर सारखी केली. "लई बरं वाटतं."

आणि मग हात वर करून निघाला. धूळ बसायला बराच वेळ लागला.

पोचपावती

काउंटरवर येऊन तिनं फोन उघडला. त्याच्या मंगळवारच्या दुपारचं एवढंच तिच्याकडं होतं:

*शिवांजली, मी मेंढरांमागे फिरणारा माणूस आहे. माझे घर आठ महिने घोड्याच्या पाठीवर असते. तुला सुख देईन असे म्हणत नाही. परंतु तुला एकटे सोडणार नाही. तू येशील का? नाही म्हणालीस तरी चालेल. मात्र उत्तर तुझ्या शब्दांत दे.*

एकही चूक नव्हती. कुणाचंही पत्र असतं तसं होतं. कुठल्याही अर्जाला जोडता आलं असतं.

तिनं ते परत बिघडवायला घेतलं. 'परंतु' त्याचा नव्हताच. तिथं काय होतं? 'पन'? की 'पर'? 'एकटे' त्यानं कसं लिहिलं होतं? तीनदा वाचलं होतं तिनं, आणि तिन्ही वेळा चुकाच मोजल्या होत्या. तिनं एक वेलांटी बदलली, एक उकार ओढला, एक शब्द मोडला. वाचून पाहिलं. मुद्दाम केलेल्या चुका दिसत होत्या, नीटनेटक्या, शिकलेल्या बाईच्या. तो कुठंच नव्हता.

"ताई," रांगेतली बाई कागद पुढं करत म्हणाली, "नावात एक अक्षर चुकलंय बगा."

शिवांजलीनं कागद घेतला. अक्षर हलत होतं, ओलं, दिसेना. "राहू दे," ती म्हणाली.

"आवं, राहू दे कसं? परत पाठिवत्याल की मला!"

"हो," शिवांजली म्हणाली, "पाठवतील," आणि डोळे पुसून दुरुस्तीला बसली.