इस्त्रीच्या टेबलाला सांगितलेलं खोटं

नवरा ऐन वेळी पळाला होता... म्हणजे फिल्ममधला. दोन दिवसांत छोटी फिल्म लिहून, शूट करून, जोडून द्यायची अशी ती हौशी लोकांची स्पर्धा. आणि तिच्या मावसभावाच्या टीमची मुदत सलग दोन वर्षं हुकलेली. यंदाही हुकली तर टीम मोडायची, असं ठरलं होतं. तो तिच्या घरी डोक्याला हात लावून बसला होता, तेवढ्यात खालच्या दुकानातला चष्मेवाला तिचा दुरुस्त केलेला चष्मा घेऊन दारात आला.

"मिळाला नवरा!" मावसभाऊ ओरडला.

"मी? अहो, मला फक्त चष्मा द्यायचाय."

"द्या आणि आत या," ती जांभई आवरत म्हणाली. "याच्या तावडीतून कुणी सुटत नाही. मलाच बघा ना."

लग्नांचे व्हिडिओ जोडून देणं हा तिचा धंदा. दुसऱ्यांची सुखं कापता-जोडताना डोळे पार शिणून गेले होते. तिचं स्वतःचं ठरलेलं लग्न मात्र फोनवरच्या एका वाक्यात मोडलं होतं, आणि तेव्हापासून ती भानगडच नको, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

बायकोचं काम करणारी मुलाला ताप आला म्हणून लवकर घरी गेली. मग तिची वाक्यं वाचायला ही कॅमेऱ्याशेजारी बसली. आवाज नको म्हणून फॅन बंद, दोघंही घामाघूम.

"मला आता तुझ्याबद्दल काही वाटत नाही," घर सोडून निघालेला नवरा होऊन चष्मेवाला तिच्याकडे बघत म्हणाला.

नेमकं फोनवरचं तेच वाक्य! तिनं मान खाली घालून पुढची ओळ वाचली.

संध्याकाळी मुदत संपणार होती. दुपारी ती लॅपटॉपवर तो शॉट बघायला बसली आणि तिनं कपाळाला हातच लावला. हा कसला घर सोडतोय! शेकडो नवरदेव बघितलेली ती... कोण कॅमेऱ्याकडे बघतोय आणि कोण खरंच नवरीकडे, हे तिला झोपेतही कळलं असतं. आणि हा तर खरंच तिच्याकडे बघत होता. तिचे कान गरम झाले.

तिनं त्याला वर बोलावलं. "तुम्हाला साधं खोटं बोलता येत नाही?"

"येतं की. न शोभणारी फ्रेमसुद्धा छान दिसते म्हणतो गिऱ्हाइकांना. पण ते वाक्य ऐकून तुमचा चेहरा पडला. मग... कडक व्हायला जमेचना."

तिला एकदम रडू यायला लागलं. आपण समोर असलो तर याला जमायचं नाही, हे तिला कळलं. ती उठली, इस्त्रीचं टेबल कॅमेऱ्याशेजारी ओढून आणलं आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली. इस्त्रीच्या टेबलाला त्यानं ते वाक्य असं सुनावलं, की मावसभावाच्या अंगावर काटा आला.

फिल्म वेळेत गेली. मावसभाऊ नाचतच पळाला, पेढे आणायला नाही, घरी झोपायला. चष्मेवाला दारात घुटमळला.

"तो पहिला शॉट... उडवलात?"

"फिल्ममधून काढला. माझ्याकडे आहे." अंग नुसतं आंबून गेलं होतं, पण तिला बोलायचंच होतं. "चेहरा छान आलाय. वाक्य तेवढं चुकलंय. परत घ्यावं लागेल."

"आत्ता? कॅमेरा तर बंद केलाय."

"असू दे. फॅनही चालू राहू दे."

तो तिच्यासमोर येऊन बसला. घसा खाकरला.

"मला... तुझ्याबद्दल वाटतं," तो म्हणाला. "खूप वाटतं. ओके?"

तिनं चष्मा काढून डोळे पुसले.

"अजून एकदा," ती म्हणाली.