हातफेरी राहिलेलं स्टूल

दुपारचे तीन वाजले होते. हॉलच्या खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं. आणि पांढऱ्या कापडाखाली कुणीतरी आत्याचा हात धरला.

टेबलाजवळ आत्या एकटीच उभी होती. टेबलाखाली कुणी नव्हतं. टेबलामागे भिंत होती.

अशा गोष्टी अंधारात आणि सुनसान जागीच घडतात, असं आपण धरून चालतो. ही गेल्या वर्षी भर दुपारी घडली, माणसांच्या देखत, चहाचे कप वाजत असताना. त्या माणसांपैकी दोघं आजही भेटतात आणि दोघंही तेच सांगतात. आत्याला तर सरळ, आडून, वैतागून, सगळ्या तऱ्हांनी विचारून झालं आहे. तिच्या सांगण्यात काडीचाही फरक पडलेला नाही.

आमची आत्या लाकूडकाम करते. खुर्च्या, कपाटं, पाळणे. कुणाकडे गेली की ती आधी टेबलाच्या खालून हात फिरवते आणि मग माणसांची चौकशी करते. घरचे सगळे याला हसतात, पण नवं सामान घेताना तिलाच सोबत नेतात.

गावातल्या डिझाइन कॉलेजात दरवर्षी मुलांच्या हस्तकामाची स्पर्धा होते. आत्या तिथे परीक्षक. या स्पर्धेची एक जुनी पद्धत आहे. पहिली फेरी डोळ्यांनी होत नाही. प्रत्येक वस्तू टेबलावर पांढऱ्या कापडाखाली झाकलेली असते. परीक्षकाने कापडाखाली दोन्ही हात घालायचे, वस्तू चाचपायची आणि न बघता मार्क सांगायचे. तिला हातफेरी म्हणतात. हातफेरी झाल्याशिवाय कापड उचलायचं नाही.

"पॉलिश डोळ्यांसाठी असतं," आत्या म्हणते. "खालच्या बाजूला पोरांनी काय केलंय ते हाताला कळतं."

त्याच्या आदल्या वर्षी आत्या लेकीच्या बाळंतपणाला परगावी गेली होती. त्या वर्षी हातफेरी झालीच नाही. स्पर्धेचे प्रायोजक एका फर्निचर कंपनीचे मालक. त्यांना सगळे साहेबच म्हणतात. साहेबांनी वस्तूंचे फोटो काढून घेतले, पडद्यावर दाखवले आणि अर्ध्या तासात निकाल लावला.

"केवढा वेळ वाचला बघा," आत्या परतल्यावर ते तिला म्हणाले.

"वाचलेल्या वेळात काय केलंत?" आत्याने विचारलं.

साहेब हसले.

तर त्या दुपारी हॉलमध्ये चौघंच होते. आत्या. दुसरे परीक्षक, एक आर्किटेक्ट. आत्या सांगेल ते मार्क लिहून घेण्याचं काम त्यांच्याकडे होतं. वर्कशॉपचे सर, ज्यांनी सकाळी वस्तू मांडून कापडं घातली होती. आणि साहेब, पुढच्या रांगेत एका स्टुलावर बसून चहा पीत होते. हॉलमधली ही नवी स्टुलं त्यांच्याच कंपनीने भेट दिली होती.

आत्या एकेक टेबल करत चालली होती.

"ताई, परीक्षण चाललंय की मालिश?" आर्किटेक्टने विचारलं.

"तुम्ही लिहा हो. सहा. झाकण नीट बसत नाही."

"सहाच? पोरगं रडेल."

"रडू दे. झाकण बसवायला शिकेल."

शेवटचं टेबल खिडकीपाशी होतं. कापड मधोमध चांगलं उंच उठलेलं होतं. आत्याने दोन्ही हात आत घातले.

स्टूल होतं. तीन पायांचं.

तिची बोटं बैठकीवरून फिरली. मधे किंचित खोलगट. कडा अशा घासलेल्या, की त्या कुठे संपतात ते कळू नये. पाय खाली उतरताना जरासे बाहेर झुकलेले. खिळा नाही, स्क्रू नाही. सांध्यात सांधा घट्ट बसवलेला. नख शिरेल एवढीही फट नाही.

आत्या थांबली. इतकं चांगलं काम तिच्या हाताखाली कित्येक वर्षांत आलं नव्हतं.

तेवढ्यात तिला आवाज आला...

खस्स... खस्स...

लाकडावर सँडपेपर घासल्यासारखा. अगदी जवळून. कापडाच्या आतून.

तिने मान वर केली. सर कपाटाशी उभे. आर्किटेक्ट वहीत डोकं घालून. साहेब चहा फुंकत.

आवाज थांबला.

आणि मग... तिच्या हातावर हात आला.

बारीक बोटं. कोरडी. त्यांच्यावर लाकडाची पूड होती, ती आत्याला स्पष्ट कळली. हात गार नव्हता. ही गोष्ट आत्या दर वेळी आवर्जून सांगते. काम करणाऱ्याचा हात असतो, तसा तो उबदार होता.

दुसरं कुणी असतं तर हात ओढून पळत सुटलं असतं. आत्याने दात आवळले.

"घाबरवू नकोस," ती कापडाकडे बघत हळूच म्हणाली. "काय दाखवायचंय ते दाखव."

त्या हाताने तिचं मनगट धरलं. ओढलं नाही, नुसतं वळवलं. बैठकीच्या खाली नेलं, डाव्या बाजूला. तिथे एक खाच होती. स्टूल एका हाताने उचलायला चार बोटं बसतील एवढीच. आतून रेशमासारखी गुळगुळीत. आत्याचा डावा हात तिथे नेऊन ठेवला... आणि तो हात निघून गेला.

आत्याने सावकाश हात बाहेर काढले.

"दहा," ती म्हणाली.

आर्किटेक्टने वर पाहिलं. आत्याने आजवर कुणालाच दहा दिले नव्हते.

"दहा ना? लिहू?"

"पेनानं लिहा."

सर कापडं उचलू लागले. एकेक वस्तू उघडी झाली. ते शेवटच्या टेबलाशी आले, त्यांनी कापडाचं टोक धरलं आणि ओढलं.

टेबल रिकामं होतं.

"अहो, आत्ता उंच होतं," आर्किटेक्ट म्हणाले. "मी बघितलं ना. होतं की काहीतरी."

"हे टेबल सकाळपासून मोकळंच आहे," सर म्हणाले. "दरवर्षी इथे वस्तू असते, म्हणून सवयीने कापड टाकलं मी."

साहेब मोठ्याने हसले. "मॅडम, तुम्ही रिकाम्या टेबलाला दहा मार्क दिलेत. चहा घ्या, जरा बसा. खोडा हो ते."

आत्याने हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर बारीक, पिवळसर लाकडाची पूड होती.

मग तिने स्टुलाचं वर्णन सांगितलं. झुकलेले पाय, खोलगट बैठक, सांधे. शेवटी खाच सांगितली. डाव्या बाजूची.

सरांनी हातातली कापडं खाली ठेवली.

"डावरीचं स्टूल," ते म्हणाले.

डावरी म्हणजे आदल्या वर्षीची विद्यार्थिनी. डाव्या हाताने काम करायची, म्हणून सगळे तिला तेच म्हणायचे. ते स्टूल करायला तिने सहा महिने घेतले होते. फोटोत ते साधं दिसलं. तीन पायांचं एक स्टूल. तिसरा नंबरसुद्धा मिळाला नाही. निकालानंतर कंपनीने स्टूल 'आणखी फोटो काढायला' म्हणून नेलं. काही आठवड्यांनी घरी जाताना तिची बस उलटली. डावरी गेली.

"तिची आई अजून फोन करते," सर म्हणाले. "बक्षीस नको म्हणते. पोरीच्या हातचं स्टूल तेवढं द्या. काय सांगू मी तिला? कंपनीवाले म्हणतात, गोदामात सापडत नाही."

"वाईट झालं," साहेब म्हणाले. "पण त्याचा इथे काय संबंध?"

आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उठा जरा."

"काय?"

"उठा म्हणते ना."

साहेब उठले. आत्याने त्यांच्या खालचं स्टूल उलटं केलं. यंत्रावर कापलेलं होतं. सांध्यात स्क्रू, वर झगझगीत पॉलिश. पण पाय तीन, तसेच झुकलेले. आणि बैठकीखाली खाच. डाव्या बाजूला.

"ही खाच इथे का आहे?" आत्याने विचारलं.

"डिझाइन आहे ते. आमच्या लोकांनी केलंय."

"तुमचे लोक सगळे डावरे आहेत?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"तिने स्वतःच्या हातासाठी केली होती ही. तुम्ही सगळं उचललंत, पण ती खाच कशासाठी आहे ते कुणी विचारलंच नाही. गिऱ्हाइकं म्हणत असतील ना, उचलायला अवघड जातं म्हणून?"

आर्किटेक्ट खोकले. नुकतंच त्यांनीही तसलंच एक स्टूल उजव्या हाताने उचलायला बघितलं होतं.

साहेबांनी कप खाली ठेवला. आता त्यांचा आवाज थंड होता.

"मॅडम, ही स्पर्धा आमच्या जिवावर चालते. ते दहा मार्क खोडा, नाहीतर पुढच्या वर्षी स्पर्धा नसेल. आणि मेलेल्या मुलीची वस्तू या वर्षीच्या स्पर्धेत येते कशी? नियम आहेत की नाही काही?"

"आहेत ना," आत्या म्हणाली. "हातफेरी झाल्याशिवाय निकाल लागत नाही, हा पहिला नियम. तिची हातफेरी राहिली होती. ती आज झाली."

तिने आर्किटेक्टकडे पाहिलं. आर्किटेक्ट तसे भिडस्त. साहेबांची कामं करणारे. त्यांनी वही मिटली आणि काखेत धरली.

"पेनानं लिहिलंय, साहेब," ते म्हणाले. "खोडता यायचं नाही."

बक्षीस समारंभ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. हॉल भरला होता. पुढच्या रांगेत, त्याच स्टुलांवर, पाहुणे आणि कंपनीची माणसं. टोकाला आत्या. साहेबांनी निकाल परस्पर बदलून घेतला होता. पहिलं बक्षीस एका दिव्याला, असं ठरवून ते माइकपाशी गेले.

"आणि यंदाचं पहिलं बक्षीस..."

पुढच्या रांगेतले एक पाहुणे झटकन उभे राहिले.

त्यांनी मागे वळून स्टुलाकडे पाहिलं. मग शेजारच्या बाई उठल्या. मग त्यांच्या पलीकडचे. एकेक करून सगळी रांग उभी राहिली. जो तो आपल्या स्टुलापासून एक पाऊल लांब सरकत होता.

आत्याला कारण माहीत होतं. तिच्याही बैठकीखाली ते चाललं होतं...

खाचेतून कुणीतरी बोट फिरवत होतं. सावकाश. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे खडबडीत राहिलंय का, ते बघावं तसं.

खस्स... खस्स...

आत्या उठली नाही. सगळी रांग उभी आणि ती एकटी बसलेली. तिने दोन्ही पाय जमिनीवर घट्ट रोवले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "साहेब, बाजूला व्हा. निकाल मी सांगते."

तिने बसल्या जागेवरूनच निकाल सांगितला. डावरीचं पूर्ण नाव घेतलं, तिचं वर्ष सांगितलं आणि स्टुलाचं वर्णन केलं. दिव्यावाल्या मुलाने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या.

खालचं बोट थांबलं.

साहेब कार्यक्रम संपेपर्यंत उभेच होते. कुणी खुर्ची आणून दिली, तरी बसले नाहीत.

त्यानंतर कंपनीने हॉलमधली स्टुलं परत नेली. दुकानातूनही ते स्टूल गायब झालं. डिझाइन डावरीचं होतं, हे साहेबांनी आजपर्यंत कबूल केलेलं नाही. मूळ स्टूल कुठे आहे, तेही सांगितलेलं नाही. स्पर्धेचं प्रायोजकत्व मात्र ताबडतोब काढून घेतलं.

आत्याने स्पर्धा बंद पडू दिली नाही. जुन्या विद्यार्थ्यांना फोन करकरून तिने या वर्षीची तयारी केली. कुणी चहा देतंय, कुणी लाकूड. हॉलमधल्या विजेत्यांच्या लाकडी फळ्यावर सरांनी डावरीचं नाव स्वतः कोरलं. कॉलेजने हरकत घेतली, तेव्हा आत्या म्हणाली, "पुसून दाखवा."

परवा सरांनी टेबलं मांडली. खिडकीपाशी आत्याने एक टेबल मोकळं ठेवायला लावलं होतं, त्यावर कापड टाकून. काल संध्याकाळपर्यंत ते कापड सपाट होतं.

आज सकाळी दहाला सरांचा फोन आला.

"ताई... कापड उंच झालंय."

"उचलून पाहिलंत?"

"छे."

"हात लावू नका. हातफेरी व्हायचीय. मी येतेय. तिच्या आईला घेऊन."

पावणेबाराला दोघी हॉलमध्ये गेल्या. आत्याने दार आतून लावून घेतलं.

आता दीड वाजून गेला आहे. आत्याचा फोन वाजतो, पण ती उचलत नाही. मग मी सरांना फोन लावला, त्यांनी उचलला. ते दाराबाहेर उभे आहेत. आतून हळू आवाजात बोलणं ऐकू येतंय, म्हणाले. मधेच कुणीतरी हसलंही.

"कोण हसलं? आत दोघीच आहेत ना?" मी विचारलं.

सरांनी आवाज खाली आणला.

"आत गेल्या त्या दोघीच," ते म्हणाले.