आठ तासांची पिशवी

कापड रंगवायच्या कारखान्यात नोकरी मागायला गेलं की फाटकावरच विचारतात, ‘अक्षय’ बसवलंय का?

‘अक्षय’ म्हणजे माणसाच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं मूत्राशय. त्याच्या अस्तराला कॅन्सर धरत नाही, आणि आठ तासांची लघवी ते आरामात साठवतं. शोध लागला रोग्यांसाठी. मालकांनी तो ढापला.

बाळगोंडा तिथं रंगारी. रंगाच्या हौदात कापड चढलं की जागा सोडायची नाही; सोडली की कापडावर डाग पडतात. बदली माणूस मालक देत नाही. म्हणून रंगारी पाणी पीत नाहीत, लघवी दाबतात आणि वर त्याचीच फुशारकी मारतात. रंगातलं विष श्वासातून, कातडीतून रक्तात जातं. मूत्रपिंडं ते गाळून खाली सोडतात आणि ते मूत्राशयात तासन्‌तास तुंबून राहतं. बाळगोंडाच्या मूत्राशयाला त्यातूनच कॅन्सर धरला.

“काढावंच लागेल,” डॉक्टर शिरगुप्पे म्हणाल्या. “मग आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या भोकावाटे बाहेरच्या पिशवीत सोडता येते. किंवा आतड्याचीच पिशवी शिवून आत बसवता येते. नाहीतर अक्षय. ते कारखाना फुकट देतो.”

“आणि हौदातलं विष?”

“त्याची मर्यादा सरकारनं वाढवली. आता अक्षय आहे ना.”

“म्हंजे विष तसंच ठेवायचं आणि माणसाचं भांडं बदलायचं? मग फुप्फुसं कधी बदलताय, बाई?”

डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं सरकवला.

“माझी त्रिशला त्याच कारखान्यात लागतीया. पोरीला काय बी झालेलं न्हाई. तिचं धडकं मूत्राशय कापणार तुम्ही?”

“मी नाही कापलं तर दुसरं कुणी कापेल.”

“लाज सोडली की उत्तरं लवकर सुचत्यात. मला बाहेरची पिशवी लावा. दिसू दे पोरीला.”

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर त्यानं त्रिशलासमोर सदरा वर केला. पोटावरचं लालभडक तोंड, त्याखाली भरत आलेली पिशवी.

“बघ नीट. कापड डागाळू नये म्हणून मी मुतायला गेलो न्हाई, त्याचं हे बक्षीस. तू जाऊ नकोस तिथं. गेलीस तर हौद सोडून मुतायला जा. कापड गेलं खड्ड्यात!”

त्रिशलानं पिशवीची खालची तोटी उघडून ती रिकामी केली, हात धुतले, बापाचा सदरा नीट खाली ओढला.

“आप्पा, खरं सांगू? ऑपरेशनची लई भीती वाटत हुती. आज सकाळपर्यंत नकोच म्हणत हुते मी.” तिची नजर त्याच्या पोटावरून हलेना. “ही पिशवी बघितली आणि ठरलं. सोमवारी अक्षय बसवून घेते.”