जास्तीचे चाळीस सेकंद

भिवंडीच्या कॉलेजातल्या त्या विज्ञान-वक्तृत्व स्पर्धेत रुचिकाला मिळण्यासारखं बरंच होतं. पहिली आली, तर सुट्टीभर पुण्यातली मेंदूची प्रयोगशाळा. साऊंडवाल्या कुमारला ठरलेल्या भाड्यावर वरकमाई म्हणून फक्त दोन समोसे. मानकोलीच्या लग्नांतल्या हळदी डीजेवर गाजवणाऱ्या माणसाला हे काम म्हणजे विश्रांतीच.

तिला कॉलर-माईक देताना तो म्हणाला, "ओढणी बाजूला घ्या मॅडम... न्हायतर तीच भाषण करेल."

तिनं ओढणी सावरली; गालातली खळी मात्र सावरता आली नाही.

"आता बोला काहीतरी. हॅलो-हॅलो नको, खरं बोला. आवाज बघायचाय."

"मेंदूत ताऱ्यांच्या आकाराच्या पेशी असतात," ती म्हणाली. "चेतापेशींना खाऊ घालायचं, कचरा उचलायचा, एवढंच त्यांचं काम, असं सगळे धरून बसले होते. आता कळतंय, त्यांतल्या काही स्वतःच संदेशाची रसायनं बनवतात. सोडतातही."

"म्हणजे आमच्यासारख्या. वायरी आम्ही ओढायच्या, बोलणार दुसरेच."

"सगळ्या नाही हं बोलत. काहीच."

"आणि ऐकतं कोण?"

"शेजारची..." तिनं वर पाहिलं, मग घाईघाईनं कागदात.

स्पर्धा घेणाऱ्या मनोज सरांनी कुमारला बजावलं होतं, आठव्या मिनिटाला घंटा, घंटेला माईक बंद. त्यानंतर भाषण ऐकू आलं, तर बोलणाऱ्याचे गुण कापणार.

सातव्या मिनिटाला रुचिकानं कागद मिटला आणि सरळ हॉलच्या मागे, कुमारच्या मिक्सरकडे बघत बोलू लागली— "या पेशी गप्प नव्हत्याच... आपण उशिरा ऐकलं."

घंटा झाली. कुमारचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

चाळीस सेकंद. हॉलभर टाळ्या. पाच गुण वजा. तीन गुणांनी पुणं भाविक नावाच्या मुलाला गेलं.

रुचिका तडक मागे आली. "माईक बंद केला असतात, तर मी पहिली आले असते."

कुमारचा चेहरा उतरला. "मला वाटलं, मदत करतोय... सर पण बोलले, पुढच्या वर्षी येऊ नको."

"मग का नाही दाबलं बटण? खरं बोला. आता कुणी आवाज बघत नाहीये."

तो कोपराभोवती वायर गुंडाळत राहिला. तीन वेढे झाले. चौथ्याला म्हणाला, "तुम्ही माझ्याकडे बघून बोलत होता... तुम्हाला बंद कसं करणार?"

तिनं खुर्ची ओढली, त्याच्या अगदी शेजारी. "ऐकतेय. पुढे?"

तो बोलत सुटला.

पुणं तिचं गेलं, कॉलेजचं काम त्याचं. समोसे दोन होते. तो बोलत होता तोवर ऐकणारीनं दोन्ही संपवले.