न कापलेली पानं

हे कुणाकडून ऐकलेलं नाही. त्या खोलीत मी स्वतः बसले होते. दिवस मंगळवार, महिना जानेवारी, दुपारचे चार. लख्ख ऊन होतं.

माझी मावशी पुस्तकबांधणीचं काम करते. घराच्या मागच्या खोलीत टेबल, दाब द्यायचं यंत्र, सुया, दोरा, खळ. काका गेल्यापासून ती एकटीच. मी दीड वर्षात तिच्याकडे फिरकले नव्हते. ते मनाला अजून लागतं.

त्या महिन्यात एक निवृत्त मास्तर तिच्याकडे पुस्तक घेऊन आले. इंग्रजी कादंबरी, मोजक्याच प्रती काढलेली जुनी आवृत्ती. निळं कापड, जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, आत हाताने घातलेला प्रतीचा क्रमांक.

"दोन हट्टी माणसं पुस्तकभर भांडतात आणि शेवटी लग्न करतात. फार हसवतं म्हणे," मास्तर म्हणाले. "बायकोला तिच्या मैत्रिणीने लग्नात दिलं होतं. वाचायला वेळच मिळाला नाही तिला."

बायको जाऊन वर्ष झालं होतं.

पुस्तकाची पानं वरच्या कडेला जोडलेलीच होती. अशा पुस्तकात वाचणाऱ्याने घडी सुरीने कापायची आणि पुढे जायचं. इथे एकही घडी कापलेली नव्हती.

"शिवण तेवढी घट्ट करा. पानांना हात लावू नका," मास्तरांनी बजावलं.

तिसऱ्या दिवशी मावशी दुसऱ्याच एका वहीला खळ लावत होती.

चार वाजले.

आणि... कुणीतरी हसलं.

हलकंसं. तोंडावर हात धरून हसावं तसं.

शेजारी असतील, असं तिला वाटलं. मग कागद कापल्याचा आवाज आला. अगदी जवळून.

तिने पुस्तक उघडलं.

पहिली घडी कापलेली होती. सरळ, सफाईने.

सुरी खिळ्यालाच टांगलेली होती.

मावशीला मास्तरांचं बजावणं आठवलं. चाळीस वर्षं कमावलेलं नाव. कोण विश्वास ठेवणार? तिने पुस्तक कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता हसू आलं... कपाटातून.

दुसरी घडी कापलेली होती.

त्यानंतर रोज एक. पण मावशीने मला कळवलं ते थेट अकराव्या दिवशी.

"इतके दिवस गप्प का बसलीस?" मी चिडले.

ती फोनवर म्हणाली, "खरं सांगू? घरात कुणीतरी हसतंय, याचीच सवय झाली गं."

मंगळवारी मी गेले. कपाट बंद होतं. आम्ही दोघी समोर बसलो.

चार वाजले आणि मी ते ऐकलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मावशी मात्र गालातल्या गालात हसत होती.

मास्तरांना सांगणं भाग होतं. बुधवारी मी त्यांना बोलावून घेतलं. पावणेचारला आले, कापलेल्या घड्या बघून लालबुंद झाले. मावशी एवढंच म्हणाली, "पाच मिनिटं बसा. मग काय बोलायचं ते बोला."

ते दाराजवळ स्टुलावर बसले.

चार वाजले.

हसू आलं. आज जरा मोठं. पुस्तकातल्या त्या दोघांनी काहीतरी भलतंच केलं असणार.

मास्तर ताडकन उठले.

"अगं..."

हसू मध्येच तुटलं.

कापायचा आवाज आला नाही.

मग मावशीने विचारलं, "हसू त्यांचंच होतं का?"

मास्तरांनी चष्मा काढला. "ठाऊक नाही."

"म्हणजे?"

"एकतीस वर्षांत मी तिला हसताना ऐकलं नाही." ते खाली बघत होते. "मी शाळेतून चारला घरी यायचो. डोकं उठलेलं असायचं. घरात आवाज चालायचा नाही मला."

मावशीने पाण्याचा तांब्या पुढे केला.

त्यांनी पुस्तक परत नेलं नाही. "वाचून होऊ दे तिचं," म्हणाले.

पण त्या दिवसापासून एकही घडी कापली गेली नाही. बाकीचं पुस्तक तसंच आहे. उरलेली पानं आपण कापावीत का, असं मी मावशीला विचारलं. तिने मानेनेच नको म्हटलं.

आता मास्तर रोज येतात. चपला बाहेर काढतात, स्टुलावर बसतात. मावशी सुई खाली ठेवते. दोघं कपाटाकडे बघत राहतात. सव्वाचार झाले की ते उठून जातात.

मागच्या आठवड्यात मीही त्यांच्यात बसले होते. काहीच ऐकू आलं नाही. नुसती शांतता असती, तर मला काही वाटलं नसतं.

पण ती शांतता रिकामी नव्हती.

कुणीतरी श्वास रोखून... मास्तर कधी जातात याची वाट बघत होतं.