जुन्या जागेवरच्या पाट्या

"ताई, तुम्ही येऊ नका. सरांची एकही फाईल राहिली नाही."

पल्लवीने फोन ठेवला आणि कळवणहून मिळेल ती एसटी पकडली. नाशिकला पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पोचली तेव्हा लॅब सांभाळणारे दिनेश सर मशीन कोरं करायची सीडी हातात घेऊनच उभे होते.

"चारला हे मशीन कोरं करून प्रवेशाच्या खिडकीवर द्यायचंय, पल्लवीताई. प्राचार्य थांबणार नाहीत."

"मग चारपर्यंत बसू द्या."

मशीन कॉलेजचं असलं, तरी त्यावर लिनक्स घातलं होतं ते तिच्या वडिलांनी, गांगुर्डे सरांनी. प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर माहितीपत्रकं येतात, ती त्याच्या नावाच्या डिरेक्टरीत, म्हणजे फाईलींच्या कप्प्यात, राहतात. सगळी इंग्रजीत. पेठ-सुरगाण्याची मुलं ती उघडून नुसती बघत बसायची. म्हणून सरांनी प्रत्येक इंग्रजी फाईलशेजारी एक मराठी फाईल लिहून ठेवली होती. स्क्रीनवर देवनागरी उमटत नसे, म्हणून मराठी, पण रोमन अक्षरांत. पहिली ओळ सगळीकडे एकच : घाबरू नका.

घरी ज्या फ्लॉप्यांवर त्यांच्या प्रती होत्या, त्यांना बुरशी लागली होती. सर गेले, त्यांचं पुण्यानुमोदन येत्या रविवारी होतं. वडिलांच्या हातचं दुसरं काही पल्लवीकडे उरलं नव्हतं.

"कशा गेल्या?" तिने तृप्तीला विचारलं. तृप्ती लॅब असिस्टंट, सरांचीच विद्यार्थिनी. फोन तिनेच केला होता.

"अपग्रेडनं खाल्ल्या, ताई. नव्या आवृत्तीत माहितीपत्रकांची जागाच बदलली. जुनं काढताना त्याही गेल्या."

"अपग्रेड कुणी केलं?"

"सरांनीच. दवाखान्यात जायच्या आधी."

पल्लवी दिनेश सरांकडे वळली. "अपग्रेड दुसऱ्याने ठेवलेली फाईलही काढतं?"

"छे! गांगुर्डे सर वर्गात हेच तर ओरडून सांगायचे. त्यानं जे ठेवलं तेवढंच ते उचलतं. परकी वस्तू दिसली तर डिरेक्टरी तशीच सोडतं. वर कुरकुर करतं, रिकामी नाही म्हणून. माझ्या सासूसारखं."

कुणी हसलं नाही.

"एखाद्या वेळी चुकत असेल," तृप्ती म्हणाली.

पल्लवी ग्रंथपाल होती. पुस्तक हरवलं की ती आधी कपाट बघायची.

"मला जुनी जागा दाखव."

स्क्रीनवर नावं उतरली.

"ह्या डिरेक्टऱ्या तर इथेच आहेत की."

"नाही ताई, ह्या नुसत्या पाट्या. दुकान हललं की मालक जुन्या दारावर लावतो ना, तशा. फक्त इथं पाटीतून आत शिरलं की थेट नव्या जागी पोचतो."

"आता नवी जागा."

इथे इंग्रजी सगळं शाबूत होतं. मराठी एकही नव्हती. प्रत्येक डिरेक्टरीपुढे शेवटच्या बदलाची तारीख होती. पल्लवी खालपर्यंत वाचत गेली. सगळीकडे एकच तारीख.

"मागचा गुरुवार. दिनेश सर, अपग्रेड गुरुवारी झालं?"

"गुरुवारी कुठलं? त्याआधीच सर ॲडमिट झाले होते. मीही पेठला होतो, मेव्हणीच्या लग्नात."

"बाहेरून कुणी शिरेल असं मशीन कुठे जोडलंय?"

"आमचा फोन धड लागत नाही, कसलं जोडताय!"

"मुख्य पासवर्ड कुणाकुणाला माहीत?"

"सरांना, मला आणि..." ते थांबले.

"डिस्क भरली होती का?"

"भरली होती. लग्नाला जाताना मीच हिला सांगितलं, जागा कर म्हणून."

तृप्तीने माऊसवरचा हात काढून घेतला.

"तुला एकच गोष्ट दोन ठिकाणी दिसली," पल्लवी तिला म्हणाली. "दुबार प्रत म्हणून जुन्या जागेतल्या प्रत्येक डिरेक्टरीतलं तू पुसलंस. पण त्या पाट्या होत्या. हात त्यांतून आत गेला आणि खरं तेच पुसलं गेलं, इंग्रजी-मराठी सगळं. मग घाबरून तू लिनक्सच्या सीडीवरून पुन्हा भरलंस. सीडीत होतं तेवढंच परत आलं. म्हणून सगळ्यांवर गुरुवार. आणि म्हणूनच मी येऊ नये असं तुला वाटत होतं."

तृप्तीने खुर्ची मागे सरकवली.

"शुक्रवारी मी दवाखान्यात गेले होते," तृप्ती म्हणाली. "सरांनी विचारलं, लॅब बरी आहे ना. मी हो म्हटलं, ताई."

"अगं, तेव्हाच मला सांगायचंस!" दिनेश सर ओरडले. "पुसलेली फाईल लगेच मरत नाही. वर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत अक्षरं डिस्कवर पडून असतात. चूक झाकायला तू जे जे भरलंस, ते सरांच्या अक्षरांवरच बसलं असणार."

पल्लवीने टेबलाची कड धरली. "सगळ्याच अक्षरांवर?"

"कोण सांगणार? डिस्क सलग चाळावी लागेल. पण शोधायचं काय? इंग्रजीत कुठेच येणार नाही असा शब्द हवा."

"तो आहे," पल्लवी म्हणाली. "पहिली ओळ."

दिनेश सरांनी सीडी पाकिटात परत घातली. "प्राचार्यांना मी बघतो. टाईप कर गं."

तृप्तीने रोमन अक्षरांत 'घाबरू नका' टाईप केलं. डिस्क घरघरू लागली. चार वाजून गेले. स्क्रीन काळीच होती. प्राचार्यांचा शिपाई दारात येऊन बघून गेला.

मग एक ओळ उमटली.

घाबरू नका. चुकलात तर आधी कुणाला तरी सांगा. लगेच दुसरं काही करू न

पुढे वर येऊन बसलेलं इंग्रजी सुरू झालं होतं.

तृप्ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. पल्लवी त्या तुटलेल्या ओळीकडे बघत राहिली. मग तिने स्टूल ओढून तृप्तीशेजारी घेतलं.

"पुस डोळे," ती म्हणाली. "डिस्क अजून बरीच उरलीय."